दोघं मिळून पक्षी-फुलपाखरं मोजताय? या चुका टाळा

नवशिक्यांना धास्ती असते ती पक्षी चुकीचा ओळखला जाण्याची. खरं तर ओळख चुकली, तर फोटो पाहून कुणी ना कुणी ती दुरुस्त करतं. मोजण्याची पद्धत चुकली, तर ती यादी बघून कुणाच्याच लक्षात येत नाही. दोघं मिळून जाणाऱ्या नवरा-बायकोच्या तर काही खास चुका असतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या दरीत अशा बऱ्याच जोड्या भेटतात, आणि घोळ साधारण सारखेच असतात.

एकाच फेरीच्या दोन याद्या

दोघांच्या फोनवर ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी करायचं ॲप असतं, दोघांनाही आपापल्या खात्यावर आकडा वाढवायचा असतो. मग त्याच वाटेवर, त्याच वेळी, दोघं वेगवेगळ्या याद्या भरतात. झाडावरचे चार सातभाई नोंदींमध्ये आठ होतात. एकानेच यादी भरावी, निरीक्षकांची संख्या २ टाकावी आणि यादी दुसऱ्याला शेअर करावी. ती दोघांच्याही खात्यात दिसते, पण विश्लेषणात एकच फेरी धरली जाते. दोघं दोन वेगळ्या वाटांनी गेलात, तर मात्र याद्या वेगळ्याच हव्यात.

निरीक्षक म्हणजे निरीक्षण करणारा. थर्मास घेऊन कट्ट्यावर बसलेली व्यक्ती त्यात धरू नका, मग ती कितीही जवळची असो.

कावळे-पारवे काय लिहायचे!

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. यादी जमा करताना ई-बर्ड विचारतं, ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? आपण सवयीने ‘हो’ म्हणतो आणि कावळा, पारवा, साळुंकी गाळलेली असते. त्या ‘हो’चा अर्थ असा होतो की त्या सकाळी तिथे कावळा नव्हताच. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाच्या २०२३च्या आवृत्तीत ९४२ प्रजातींचा आढावा आहे, आणि त्यामागे ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी आहेत. एखादा पक्षी दर शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत दिसतो, यावरून तो वाढतोय की घटतोय हे ठरतं. मोर आणि कोकीळ वाढल्याचं कळलं, तेही लोकांनी ‘नेहमीचेच’ पक्षी न कंटाळता लिहिले म्हणून. पक्षी निवडून लिहायचे असतील तर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणा.

संख्येच्या जागी फुली मारण्याची सवयही सोडा. उजनीच्या काठावर भोरड्यांचा प्रचंड थवा फिरायला लागला की आकडा सुचत नाही, हे खरं. आधी दहा पक्षी मोजा, ते थव्याचा केवढा भाग व्यापतात ते बघा आणि तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर नजरेनेच मांडा. दोघांनी एकमेकांना न सांगता अंदाज करावा आणि मग ताडून पाहावा. ढोबळ आकडा फुलीपेक्षा कधीही बरा.

अंतर दुप्पट दिसतंय?

टेकडीवर त्याच वाटेने चढून त्याच वाटेने उतरलात की ॲप जाऊन-येऊनचं अंतर धरतं. वेळ पूर्ण लिहा, अंतर मात्र एकाच बाजूचं ठेवा. ते हाताने बदलता येतं. उतरताना तोच दयाळ त्याच फांदीवर दिसला तर तो पुन्हा मोजायचा नाही.

पक्षी आणि फुलपाखरं एकाच फेरीत

एक दगड, दोन पक्षी असं इथे जमत नाही. पक्ष्यांची धामधूम उजाडताना असते. फुलपाखरांना अंग तापवायला ऊन लागतं, त्यामुळे साधारण नऊनंतर ती दिसू लागतात. शिवाय पक्ष्यांसाठी मान वर, फुलपाखरांसाठी नजर गुडघ्याशी. एकत्र फेरीत दोन्ही अर्धवट होतात. सकाळी पक्ष्यांची यादी बंद करा, पोहे खा, मग फुलपाखरांची फेरी वेगळी सुरू करा.

ही फेरी कशी करायची याची पद्धत अर्नेस्ट पोलार्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बसवली आणि १९७६पासून ब्रिटनमध्ये तिच्यावर देशव्यापी मोजणी चालू आहे. ठरलेली वाट, एकसारखी संथ चाल, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्या चौकटीत दिसतील तीच फुलपाखरं मोजायची. मागून आलेली नाहीत, लांबच्या घाणेरीवर बागडणारी तर नाहीतच.

गाडी घसरते ती इथेच. गिरिपुष्पाच्या दाट सावलीतला रटाळ तुकडा लोक भरभर पार करतात आणि फुललेल्या झुडपापाशी रेंगाळतात. मग आकडे टेकडीचे राहत नाहीत, त्या झुडपाचे होतात. रटाळ तुकड्यात शून्य आलं तर शून्य लिहा.

मोजणारे डोळेही एकाच जोडीचे असू द्या. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. या आठवड्यात दोघांनी आणि पुढच्या आठवड्यात एकानेच मोजलं, तर फुलपाखरं घटली की डोळे, हे कळायला मार्ग नाही. अदलाबदल करायचीच तर कोण मोजत होतं याची नोंद ठेवा. ढगाळ किंवा सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवशी फेरी पुढे ढकला.

ओळखीवरून वाद

शिक्रा हा शिकारी पक्षी की पावशा ही कोकिळेची भाऊबंद, हा वाद आमच्या घरी जेवणापर्यंत चालतो. पावशा दिसायला आणि उडायला हुबेहूब शिक्र्यासारखा, इतका की छोटे पक्षीही फसतात. बसल्यावर चोच पाहा: शिक्र्याची आकडीसारखी वळलेली, पावशाची जवळजवळ सरळ, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ सुरू झालं की प्रश्न मिटतो, पण हिवाळ्यात तो गप्प असतो.

फुलपाखरांत कॉमन मॉरमॉनची मादी कॉमन रोझचं सोंग घेते. पंखांच्या लाल ठिपक्यांवर भुलू नका, शरीर पाहा. रोझचं लालभडक असतं, मॉरमॉनचं काळं. पिवळ्या ग्रास यलोंसाठी तर पंख मिटलेलाच फोटो लागतो. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाजवळच्या कप्प्यात बारीक खुणा असतात: कॉमन ग्रास यलोला दोन, थ्री-स्पॉट ग्रास यलोला तीन. उडताना हे कुणालाच दिसत नाही, तेव्हा ‘ग्रास यलो’ एवढंच लिहावं. कॉमन इव्हनिंग ब्राउनचं पावसाळी रूप डोळ्यांसारख्या ठिपक्यांचं आणि उन्हाळी रूप वाळक्या पानासारखं; ही दोन फुलपाखरं नव्हेत.

मर्लिन ॲपने आवाजावरून नाव सुचवलं म्हणून ते यादीत चढवू नका. हरेवा हा पक्षी बुलबुलाची, कोतवालाची, शिंप्याची बेमालूम नक्कल करतो. ॲप सांगेल तिकडे दुर्बीण वळवा आणि पक्षी बघून, किंवा आवाज स्वतः ओळखून, मगच लिहा.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो

फोटो त्याच्या फोनवर, आय-नॅचरलिस्टचं (जीवजंतूंच्या फोटो-नोंदींचं संकेतस्थळ) खातं तिचं. फोटो व्हॉट्सॲपवरून जातो आणि वाटेत तारीख-ठिकाण गळून पडतं. मग रात्री सोफ्यावर बसून अंदाजाने खूण टोचली जाते. मूळ फाइल पाठवा. एका नोंदीत एकाच फुलपाखराचे फोटो हवेत. शेजारच्या फुलावरचं दुसरं असेल तर त्याची नोंद वेगळी.

घरट्याचा फोटो नेमक्या जागेसह समाजमाध्यमावर टाकणं, फोटोसाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं, फुलपाखरू चिमटीत धरणं, हे तिन्ही नकोच. बऱ्याच फुलपाखरांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२चं संरक्षण आहे.

तपासनिसाची ई-मेल आली तर

नोंद वेगळी वाटली की ई-बर्डचे स्वयंसेवक तपासनीस विचारणा करतात. रागावण्यासारखं त्यात काही नसतं. ‘नक्की तोच होता, मिसेसनेही पाहिला’ हा पुरावा होत नाही. आकार, चोच, रंग, काय करत होता, किती अंतरावर होता, एवढं लिहून पाठवा. खात्री नसेल तर प्रजात काढून नुसतं ‘शिक्रा कुळातला पक्षी’ असं करता येतं. जुन्या याद्याही कधीही उघडून बदलता येतात. आज घरी गेल्यावर दोघांच्या खात्यांतल्या एकाच फेरीच्या दुहेरी याद्या शोधा, एक ठेवून शेअर करा आणि दुसरी काढून टाका.