तीव्र बिअरमध्ये दोन यीस्ट वापरताना

घरी साधी बिअर नीट जमू लागली की पुष्कळांना बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउट अशी जास्त मद्यार्काची बिअर करून पाहावीशी वाटते, आणि तेथे प्रथमच असे लक्षात येते की मनासारखी चव देणारे यीस्ट शेवटपर्यंत साखर खाईलच असे नाही. माझा अनुभव इंग्लंडमधला आहे. तेथे १९६३ पासून घरापुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे हे लेखन जेथे घरी बिअर करणे कायदेशीर आहे तेथील मराठी वाचकांसाठी समजावे.

पारंपरिक इंग्रजी यीस्टमुळे बार्लीवाइनला सुकामेव्यासारखा जो गंध येतो तो मला फार प्रिय आहे. पण यातल्या अनेक जाती लवकर गोळा होऊन तळाशी बसतात. १.१०० घनतेचा (पाण्याची घनता १.०००) वर्ट, म्हणजे माल्टचा गोड अर्क, अशा यीस्टने १.०३५ च्या आसपास थांबला, तर मद्यार्क साडेआठ टक्क्यांपर्यंत येतो आणि बिअर पाकासारखी गोड लागते. तोच वर्ट १.०२५ पर्यंत उतरला तर मद्यार्क दहा टक्क्यांच्या जवळ पोहोचतो आणि गोडवा आटोक्यात राहतो. हे उरलेले अंतर कापणे एवढेच दुसऱ्या यीस्टचे काम असते, आणि ते काम आधी ठरवल्याशिवाय दुसरे पाकीट विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

नवशिक्यांना या कामासाठी शॅम्पेन यीस्ट सुचवले जाते, कारण ते अठरा टक्क्यांपर्यंत मद्यार्क सहन करते. परंतु तग धरणे वेगळे आणि समोरची साखर पचवणे वेगळे. अडलेल्या बिअरमध्ये माल्टोट्रायोज (तीन ग्लुकोज जोडून बनलेली साखर) शिल्लक असते आणि बहुतेक वाइन यीस्टना ते जवळपास पचतच नाही. त्याहून लांब साखळीच्या शर्करांना, म्हणजे डेक्स्ट्रिनना, तर ती हातही लावत नाहीत. शिवाय वाइनसाठी निवडलेल्या अनेक जाती एक विषारी प्रथिन सोडतात आणि बिअरचे बहुतेक यीस्ट त्याला बळी पडते. त्यामुळे ही दोन यीस्ट सुरुवातीलाच एकत्र घातली, तर ज्याच्या चवीसाठी आपण खटाटोप केला तेच मरते. दुसरे यीस्ट म्हणून मी स्वच्छ चवीची, माल्टोट्रायोज चांगले खाणारी अमेरिकन एल (बिअरचा एक प्रकार) यीस्टची जात निवडतो.

वेळ साधणे हा या पद्धतीतला सर्वांत नाजूक भाग आहे. गंध प्रामुख्याने यीस्ट वाढत असतानाच्या पहिल्या दिवसांत तयार होतो, म्हणून तेव्हा फक्त इंग्रजी यीस्ट भांड्यात असावे. वीस लिटरला दोन ते तीन पाकिटे, भरपूर ऑक्सिजन आणि १८ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान ठेवावे. घनता १.०४५ च्या जवळ आली की, पहिले यीस्ट पूर्ण बसण्याआधीच, दुसरे घालावे. मात्र कोरडे यीस्ट थेट टाकू नये, कारण मद्यार्काने भरलेल्या आणि ऑक्सिजन संपलेल्या द्रवात त्याच्या पेशी दुबळ्या पडतात. लिटरभर सौम्य वर्टमध्ये ते आदल्या दिवशी जागवावे, फेस भरात असताना भांड्यात ओतावे आणि तापमान हळूहळू २१ अंशांपर्यंत चढू द्यावे. या टप्प्यावर बिअरला पुन्हा हवा देऊ नये. ती शिळी लागू लागते. सेझों या बेल्जियन बिअरची काही यीस्ट डेक्स्ट्रिनही फोडतात आणि बाटलीतही काम चालू ठेवतात, म्हणून ती येथे टाळावीत.

तळाचा गाळ पुढच्या बिअरसाठी राखून ठेवण्याचा मोह होतो, पण दोन जातींचे प्रमाण पिढीगणिक बदलत जाते. एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी १८८३ मध्ये कार्ल्सबर्गमध्ये शुद्ध यीस्ट वापरात आणण्यापूर्वी ब्रुअऱ्यांमध्ये मिश्र यीस्टच असे, आणि दीर्घकाळ मुरवलेल्या इंग्रजी बिअरमधले ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट १९०४ मध्ये तेथेच ओळखले गेले. मिश्र यीस्टचा तो मार्ग मोहक असला तरी त्याला फार संयम लागतो. दोन्ही यीस्ट दर वेळी ताजी घेणे अधिक भरवशाचे.

महिनोन्महिने मुरलेल्या बिअरमध्ये बाटलीत वायू धरण्याइतके जोमदार यीस्ट उरत नाही. बाटल्या भरताना साखरेबरोबर थोडे वाइन यीस्ट घालावे. येथे त्याची मर्यादाच उपयोगी पडते, कारण ते घातलेली साखर खाते, उरलेल्या माल्टोट्रायोजला फारसे शिवत नाही आणि बाटलीतला दाब अपेक्षेपलीकडे जाण्याचा धोका कमी होतो.