कॉइलचं चुंबकीय क्षेत्र होकायंत्रानं मोजा

160 मिमी पीव्हीसी पाइपची तीन सेंटिमीटर रुंदीची चकती प्लंबरकडून कापून घ्या. नागपुरात कूलरच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानात 24 गेजची वाइंडिंग वायर सुटी मिळते. सहा मीटर पुरे. चकतीवर 10 वेढे एकाच दिशेनं गुंडाळा. मध्येच एखादा वेढा उलटा गेला तर तो शेजारच्याचं क्षेत्र खाऊन टाकतो.

तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं तांबं चमकेपर्यंत घासा. सगळं जोडूनही सुई ढिम्म हलत नसेल तर बहुतेक वेळा तारेवरचं न निघालेलं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, हेच कारण असतं. आता 5 व्होल्टचा मोबाइल चार्जर आणि 10 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. रेझिस्टर चांगलाच तापतो, हात लावू नका.

चकती उभी करून केंद्रात लाकडी पट्टीवर छोटं होकायंत्र ठेवा. करंट बंद असताना सुई कॉइलच्या प्रतलातच, म्हणजे उत्तर-दक्षिण, यायला हवी. करंट सुरू केला की अर्धा अँपिअरच्या आसपास वाहतो आणि केंद्रात 38 मायक्रोटेस्लाच्या जवळपास क्षेत्र तयार होतं. नागपूरचं पृथ्वीचं आडवं क्षेत्रही साधारण एवढंच, त्यामुळे सुई 45 अंशांच्या आसपास थांबते.

वायरी उलट्या जोडून पुन्हा वाचन घ्या. दोन्हीकडच्या कोनांत मोठा फरक आला तर मांडणी तिरकी आहे. जवळचं लोखंडी कपाट आणि कूलरची पत्र्याची बॉडीही सुई ओढते. लाकडी टेबल खोलीच्या मध्यभागी घ्या. होकायंत्र अक्षावर 8 सेंटिमीटर सरकवलं तर क्षेत्र जवळपास 35 टक्केच उरतं.