हिवाळ्यात क्रीटच्या गावात महिनाभर निवांत राहायचंय? आपल्या जळगाव-धुळेकडच्यांसाठी

ग्रीस म्हटलं की लोक मे-जूनच धरतात, पण तेव्हा तिथे गर्दी असते आणि उन्हासाठी भुसावळच्या माणसाने एवढा खर्च का करायचा. निवांतपणाच हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ग्रीसच्या क्रीट बेटावर जा आणि एकाच गावात राहा, रोज बॅगा उचलत फिरू नका.

सगळं ठरतं ते गाव कुठलं निवडता त्यावर. समुद्राकाठची बरीच गावं सीझनपुरतीच चालू असतात, ऑक्टोबर संपला की हॉटेलं, दुकानं बंद. दक्षिण किनाऱ्यावरचं लूत्रो फोटोत भारीच दिसतं पण तिथे गाडीरस्ताच नाही, बोटीने जा नाहीतर पायी, ते उन्हाळ्यासाठी ठीक. त्यापेक्षा पालेओखोरासारखं गाव बघा जिथे लोक बारा महिने राहतात आणि हानिया शहरातून बस येते. पैसे भरण्याआधी घरमालकाला विचारा, जानेवारीत बेकरी चालू असते का, गावात शाळा आहे का, बस कोणत्या दिवशी येते. शाळा आहे म्हणजे घरं भरलेली आहेत, हे मला सगळ्यात खात्रीचं वाटतं.

थंडीला कमी समजू नका. दिवसा १५ अंशांच्या आसपास असतं, ऐकायला काही नाही वाटत, पण तिथे पाऊसच हिवाळ्यात पडतो आणि दगडी घरात ती ओल अंगात शिरते. त्यामुळे हीटर कसला आहे, विजेचं बिल भाड्यात धरलंय का ते आधीच लिहून घ्या. गरम पाणी बऱ्याच घरांत छतावरच्या सोलरवर असतं, ढग आले की विजेचा स्विच लावावा लागतो, तो पहिल्याच दिवशी दाखवून घ्या. आणि टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही, बाजूला डबा असतो.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला हाच सीझन बेस्ट. १५ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत तिथल्या ऑर्थोडॉक्स लोकांचा उपवास असतो, मांस, दूध, अंडी काही नाही, तेव्हा खानावळीत ‘निस्तीसिमो’ असं विचारलं की उपवासाचं जेवण मिळतं, हरभऱ्याचं सूप, पांढऱ्या घेवड्याची फसोलादा, रानभाज्या उकडून वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू. फक्त माळकरी लोकांनी जपून, त्या उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालतात, म्हणून ताटात काय आहे ते दरवेळी विचाराच. घरून कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बिबडे न्या, तिखट मिरची गावातल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. तूप, पेढे, खवा मात्र नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. (केळी चालतात बरं का!)

याच दिवसांत ऑलिव्ह काढणी असते, झाडाखाली जाळी पसरून फळं पाडतात, आपल्याकडे कापूस वेचणीला गाव जसं रानात असतं तसंच अगदी. बघायला जरूर जा, पण टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन काम करायचं नाही. संध्याकाळी काफेनिओत, म्हणजे गावातल्या कॉफीच्या दुकानात बसा, म्हातारी मंडळी ताव्ली (फासे-सोंगट्यांचा खेळ) खेळत असतात, आत शिरताना ‘कालिस्पेरा’ (शुभ संध्याकाळ) म्हणा. ६ जानेवारीला पाद्री समुद्रात क्रूस टाकतात आणि पोरं त्या गार पाण्यात उड्या मारतात, तो दिवस चुकवू नका. लोक ट्रेकिंगला जातात ती क्रीटची समारिया घळ मात्र हिवाळ्यात बंद असते.

व्हिसा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, तर दिवाळीपर्यंत थांबू नका. अथेन्सजवळच्या पिरेअसहून क्रीटला रात्रीची बोट आहे, स्वस्त पडते, पण वारा जोराचा असला की सोडतच नाहीत. म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, आणि तेवढा दिवस नसेल तर क्रीटहून अथेन्सलाही विमानानेच या.