पापलेट मोबाइलला लावून बघा

कोळणीच्या टोपलीत तळहाताएवढी पापलेटं स्वस्त मिळतात, पण त्यातली बरीचशी पिल्लंच असतात. एकदाही अंडी न घातलेली. महाराष्ट्रात 2023 पासून मासे पकडण्याचं किमान आकारमान ठरलेलं आहे: पापलेट 135 मिमी, बोंबील 180 मिमी. बाजारात पट्टी कोण नेणार? खिशातला मोबाइल चालतो. तो साधारण 15-16 सेंमी असतो (आपला एकदा घरी मोजून ठेवा).

1. पापलेट मोबाइलहून आखूड दिसलं तर घेऊ नका. नियमापेक्षा हे माप थोडं कडक आहे, पण शेपटी कुठवर मोजायची हा वाद उरत नाही.
2. बोंबलाला मोबाइल अधिक दोन बोटं.
3. "मावशी, मोठं असेल तेव्हाच द्या," असं सांगून ठेवा. नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर ती बाजूला काढून ठेवते.

मोबाइल माशाला टेकवू नका, वरूनच धरा. वास दोन दिवस जात नाही.

आणि हे माप मांदेली, जवळा यांना लावू नका. ते मुळातच लहान असतात.