पातेरा जाळू नका, आळ्यात घाला

भातकापणी उरकली, झोडणी आटोपत आली. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत वीतभर उकरलं तर माती अजून हाताला थंड लागते. ही ओल राखायची तर झाडांच्या आळ्यात पातेऱ्याचं, म्हणजे गळलेल्या सुक्या पाल्याचं, आच्छादन आत्ताच घालायला हवं. मार्चमध्ये कलमांनी माना टाकल्यावर आच्छादनाची आठवण होणारे पुष्कळ. पण तेव्हा झाकून ठेवावं असं जमिनीत काही उरलेलं नसतं.

अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही शिमग्याला विहिरी तळ दाखवतात, याला कारण आपल्या कोकणातला जांभा दगड. तांबडी माती सच्छिद्र, थर उथळ, त्यात उतार. पाणी पटकन पिते, पटकन सोडते. म्हणून चार कळशा जास्त ओतण्यापेक्षा ऊन-वाऱ्याने उडणारी ओल अडवणं स्वस्त पडतं.

पहिला मान आंबा-काजूच्या दोन-तीन वर्षांच्या कलमांना, कारण त्यांची मुळं अजून खोल गेलेली नसतात. आळ्यातलं गवत काढा, माती दोन बोटं हलवा. खोल खणलंत तर मुळं तुटतील. पाणी द्या आणि वर पातेरा किंवा बी धरण्याआधी कापलेलं गवत चार इंच जाड पसरा. पेंढाही चालतो, पण तो गुरांच्या तोंडचा कोण काढणार? बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. वाळवी येणारच, तेव्हा दर पंधरा दिवसांनी आच्छादन उचलून बघा.

डोक्यावरून पाणी न्यावं लागत असेल तर आळ्यात मडकं पुरा. तळाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात, तोंडावर झाकण. पाणी झिरपत थेट मुळांशी जातं.

नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, चुलीत घालण्याआधी विचार करा. माडापासून दोन-तीन मीटरवर चर खणून त्यात सोडणं उताणी रचा आणि मातीने झाका. वाटीसारखी पाणी धरून ठेवतात आणि काही वर्षं कामाला येतात. आळ्यावर नुसती पसरायची असतील तर मात्र पालथी.

भाताच्या मळ्यात कडवे वाल, कुळीथ, चवळी करणाऱ्यांनी नांगरणीच्या नादी लागू नये. उलटलेली माती दोन दिवसांत वाळते. कापणी झाली की भाताच्या दोन चुडांच्या (कापलेल्या बुडख्यांच्या) मधे बी टोकून मोकळं व्हा.

उत्पन्न देणाऱ्या हापूसचं गणित उलटं आहे. त्याला मोहरासाठी थोडा ताण लागतोच. आत्ता पाणी दिलंत तर मोहराऐवजी पालवी फुटेल. फळ वाटाण्याएवढं झालं की मग दर पंधरा दिवसांनी झाडाला दीडशे ते दोनशे लिटर, अशा तीन-चार पाळ्या द्या आणि आळं झाका. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद.

एक धोका आहे, वणव्याचा. वाळकं आच्छादन म्हणजे ठिणगीला आमंत्रण. बागेच्या कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा गवत काढून साफ ठेवा, आणि कोणी शेजारी राब भाजणार, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणार असेल तर कोणत्या दिवशी ते आधी विचारून घ्या.