जुनी पोकेमॉन कार्डं विकायला काढताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बुटाचा खोका निघतो. त्यात रबर बँड लावलेला कार्डांचा गठ्ठा असतो आणि तासाभरात त्यातल्या चारिझार्डचा (आग ओकणाऱ्या ड्रॅगनसारख्या पोकेमॉनचा) फोटो व्हॉट्सॲपवर येतो: ‘दादा, याचे किती येतील?’ सोबत कुठल्यातरी रीलचा स्क्रीनशॉट, तीन कोटींच्या वरचा आकडा लाल अक्षरात.

रीलमधला आकडा खोटा नाही. मार्च 2022 मध्ये चारिझार्डचं एक कार्ड अमेरिकेतल्या लिलावात 4,20,000 डॉलरला गेलं. पण ते कार्ड आणि परभणीच्या खोक्यातलं कार्ड यांचं चित्र सारखं असलं तरी माल वेगळा आहे. निम्म्याहून जास्त घोळ इथेच होतो.

चित्र बघून भाव लावणे

पोकेमॉनची कार्डं जपानात ऑक्टोबर 1996 मध्ये आली. इंग्रजी कार्डं अमेरिकेत 1999 च्या जानेवारीपासून विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने काढली. तो पहिला संच 102 कार्डांचा, त्याला बेस सेट म्हणतात, आणि त्यातल्या चारिझार्डच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 4/102 असं छापलेलं असतं. लोक इथपर्यंत बघतात आणि उड्या मारतात. खरी तपासणी याच्या पुढे आहे.

चित्राच्या चौकटीखाली डाव्या बाजूला फर्स्ट एडिशनचा छोटा काळा शिक्का आहे का? चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला करडी सावली आहे का? शिक्का असेल आणि सावली नसेल, तर ती अगदी पहिली छपाई. शिक्का नाही आणि सावलीही नाही, तर ते शॅडोलेस: संख्येने कमी, मागणी चांगली. सावली आहे आणि शिक्का नाही, तर अनलिमिटेड. ती भरपूर छापली गेली आणि बहुतेकांकडे असलीच तर तीच असते. तिलाही किंमत आहे, पण त्या पैशात प्लॉट येत नाही.

कार्डाच्या तळाशी 1995, 96, 98 असे आकडे वाचून ‘95 सालचं कार्ड’ म्हणून जाहिरात टाकणारे पुष्कळ आहेत. ती स्वामित्वहक्काची सालं आहेत, छपाईची नव्हेत. अलीकडच्या कार्डांवरही तळाला अशी ओळ असते. त्यात शेवटचं साल कुठलं, ते बघायचं.

जुनं म्हणजे दुर्मीळ, हा समज

1952 सालचं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं टॉप्स कंपनीचं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. त्या संचाची न खपलेली खोकी कंपनीने पुढे समुद्रात नेऊन बुडवली, असं तिथले साय बर्जर सांगत. पोरांनी वापरून फाडली, उरली ती पाण्यात गेली, म्हणून आज चांगल्या अवस्थेतली प्रत मिळत नाही. याच्या उलट 1980 च्या दशकाच्या शेवटी आणि 90 च्या सुरुवातीला अमेरिकेत बेसबॉल कार्डं इतकी छापली गेली, आणि लोकांनी ‘पुढे महाग होतील’ म्हणून इतकी जपून ठेवली, की तीस-पस्तीस वर्षांनीही त्यातली बहुतेक कवडीमोल आहेत. सगळ्यांनीच जपलं की ते दुर्मीळ राहत नाही.

आपल्याकडच्या डब्ल्यूडब्ल्यूई ट्रम्प कार्डांचं हेच. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स असे आकडे असलेली ती कार्डं नांदेड-बीडच्या प्रत्येक जनरल स्टोअरमध्ये टांगलेली असायची. कोणी छापली याचा पत्ता नाही. अंडरटेकरचं कार्ड हाती आलं की वर्गात जो रुबाब होता तो आठवतो, पण बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. टॉप्सची अधिकृत स्लॅम अटॅक्स मालिका (ती 2008 पासूनची) थोडी वेगळी. त्यातल्या मोजक्या कार्डांना हौशी लोक विचारतात. बाकीची भाच्याला खेळायला द्या.

सोनेरी कार्ड म्हणजे भारी कार्ड

गिफ्ट शॉपमध्ये आणि यात्रेतल्या खेळण्यांच्या पालावर सोनेरी, चंदेरी, काळ्या चकचकीत कार्डांचा डबा मिळतो, पन्नासेक कार्डांचा, दोन-अडीचशे रुपयांत. दुकानदाराला विचारलं तर ‘ओरिजिनल हाय दादा, बिनधास्त घ्या’. ती ओरिजिनल नाहीत. लेकरांनी खेळायला हरकत नाही, विकायला मात्र काढू नका. विकत घेणारा पहिल्याच फोटोत ओळखतो आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या कार्डांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

अधिकृत सोनेरी कार्डं मुळातच नाहीत असं नाही. 1999 मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने सोन्याचा मुलामा दिलेली पोकेमॉन कार्डं विकली होती. पण ती इतकी निघाली की आजही स्वस्तात मिळतात. म्हणजे खऱ्या सोनेरीलाही फार भाव नाही, तर डब्यातल्याला कुठून येणार?

साध्या कागदी नकलाही खूप फिरतात. अशी बघा: खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च कार्डाच्या मागे धरा. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये गडद पापुद्रा असतो, त्यामुळे उजेड मंद झिरपतो. नकली कार्ड बहुधा ट्यूबलाइटसारखं उजळून निघतं. ही एकच खूण धरून निकाल देऊ नका. मागची बाजू एखाद्या पक्क्या खऱ्या कार्डाशेजारी ठेवून निळ्याची छटा जुळवा. नकलेत तो जांभळट किंवा फिका असतो. अक्षरं जाड, ओळी वेड्यावाकड्या, ‘पोकेमॉन’ या इंग्रजी नावातल्या ई-वरची तिरकी रेघ गायब, आणि एचपीचा (त्या पोकेमॉनच्या जीवनशक्तीचा) आकडा चार अंकी असेल तर पुढे बघायचीही गरज नाही.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

ईबेवर कार्डाचं नाव टाकलं की डोळे फिरवणारे आकडे येतात. ते विकणाऱ्याने मागितलेले असतात. मागायला कोण अडवतं? फिल्टरमध्ये जाऊन ‘सोल्ड आयटम्स’ निवडा, मग खरे व्यवहार दिसतात. लातूरच्या आडतीवर सोयाबीन घालणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही: पेपरात छापलेला कमाल भाव एखाद्या ढिगाला मिळालेला असतो, आपल्या पट्टीवर ओलावा, माती नि डागी दाणे धरून काय आलं तोच आपला भाव.

तेव्हा तुमच्या कार्डाचीच छपाई, तीच भाषा, तीच अवस्था असलेले अलीकडचे पाच-सात व्यवहार काढा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या, उरलेल्यांचा मधला आकडा धरा. त्यातून संकेतस्थळाचं कमिशन, परदेशी कुरिअर, डॉलर बदलताना जाणारे पैसे वजा करा. भारतातच विकणार असाल तर खर्च कमी, पण गिऱ्हाईक मोजके, बहुतेक पुणे, मुंबई, बंगळूरचे, आणि तेही घासाघीस करणारच. आकडा कुठल्या महिन्याचा आहे तेही बघा. 2020-21 मध्ये, लोक घरात कोंडलेले असताना, कार्डांचे भाव असे चढले की पीएसए या ग्रेडिंग (कार्ड तपासून श्रेणी देणाऱ्या) कंपनीने मार्च 2021 मध्ये बहुतेक नव्या ऑर्डरी घेणंच थांबवलं होतं. त्या तेजीतला स्क्रीनशॉट आज दाखवून उपयोग नाही.

अवस्था: इथेच पैसा बुडतो

कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरा. समोरच्या चकचकीत भागावर केसासारखे ओरखडे दिसतील. आता उलटं करा आणि कडा बघा. शाळेच्या बाकावर, घरच्या शहाबादी फरशीवर सरकवून खेळलेल्या कार्डाच्या निळ्या कडांवर पांढरे ठिपके पडलेले असतात. कोपरे तर हमखास. चित्राभोवतीची पिवळी पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल तर सेंटरिंग गेलं, त्यात तुमचा दोष नसला तरी गुण कापले जातात. आणि घडी पडली असेल, मग ती नखाएवढी का असेना, वरच्या श्रेणीचा विषय संपला.

हे सगळं निस्तरायला लोक जे करतात त्याने उरलंसुरलंही जातं. लॅमिनेशन हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू. मार्कशीट, रेशनकार्ड, देवाचा फोटो, सगळं लॅमिनेट करायची सवय, मग प्रेमाने कार्डही करून आणतात. लॅमिनेट केलेल्या कार्डाची संग्राहकाच्या लेखी किंमत संपते आणि ते सोडवायला गेलात तर वरचा रंग निघून येतो. वाकलेल्या कार्डावर इस्त्री फिरवू नका. ओल्या फडक्याने, खोडरबराने पुसू नका. पांढऱ्या कडांना निळं स्केचपेन लावू नका. ग्रेडिंग करणारे ते भिंगाखाली बघतात आणि ‘फेरफार केलेलं’ म्हणून श्रेणीच न देता परत पाठवतात. कडा कापून सरळ केल्या तरी तेच.

ठेवायचं कसं? आधी पातळ स्लीव्ह (प्लॅस्टिकची पिशवी), मग कडक टॉपलोडर (वरून उघडं प्लॅस्टिकचं पाकीट), दोन्ही पीव्हीसी नसलेले. रबर बँड नको, तो कडेला खाच पाडतो आणि उन्हाळ्यात वितळून चिकटतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत भट्टी पेटते आणि जुलैत हवा दमट होते. होलो (चित्र चमकणाऱ्या) कार्डात चकचकीत थर आणि कागद ओलावा वेगवेगळा शोषतात, म्हणून ती धनुष्यासारखी वाकतात. माळा सोडा, खोलीच्या आतल्या भिंतीकडचं कपाट बरं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या ठेवू नका, वास पुठ्ठ्यात मुरतो.

सगळंच ग्रेडिंगला पाठवणे

ग्रेडिंग म्हणजे तज्ज्ञांकडून कार्ड खरं आहे का ते ठरवून 1 ते 10 मध्ये श्रेणी घेणं. कार्ड मग प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत येतं, तिला स्लॅब म्हणतात. पीएसए 1991 पासून हे काम करते. बेकेट, सीजीसी याही आहेत. 9 आणि 10 या श्रेण्यांच्या भावात कित्येकदा काही पटींचा फरक असतो, म्हणून प्रत्येकाला आपलं कार्ड 10 चं वाटतं. हिशेब 8 धरून करा. फी, येण्या-जाण्याचं कुरिअर, विमा, कस्टमचे कागद, हे सगळं मिळून जो खर्च, तो 8 श्रेणीच्या विक्रीतूनही निघत असेल तरच पाठवा. निघत नसेल तर तसंच विका. माझ्या मते खेळलेल्या खोक्यातलं जवळपास काहीच पाठवण्यालायक नसतं.

स्लॅबमधलं कार्ड विकत घेताना त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नकली स्लॅबवर खरा क्रमांक चिकटवलेला असू शकतो, त्यामुळे तिथे फोटो असेल तर ओरखडे नि सेंटरिंग जुळतंय का तेही बघा. त्याच संकेतस्थळावर आजवर किती प्रतींना कुठली श्रेणी मिळाली याचा तक्ता असतो. 10 श्रेणीच्या हजारो प्रती असलेलं कार्ड ‘रेअर’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर हा तक्ता पुढे करा.

व्यवहारात घाई

जाहिरात टाकली की पहिला फोन बहुधा भामट्याचा असतो. भाव न करता तयार, ‘मी आर्मीत आहे, लगेच पैसे टाकतो’, आणि पाठोपाठ क्यूआर कोड. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. ‘आधी टॅक्स भरा, मग रक्कम सुटेल’ म्हणणाराही याच जातीचा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागणं अवघड.

पैसे आल्याचं मेसेजवर नव्हे, बँकेच्या ॲपमध्ये बघा. पाठवण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा, चारही कोपऱ्यांचा व्हिडिओ घ्या, पाकीट बंद करेपर्यंत कॅमेरा चालू ठेवा. टॉपलोडरच्या तोंडाला चिकटपट्टी लावताना एक टोक दुमडून ठेवा, नाहीतर घेणारा ब्लेड घालतो आणि कार्ड कापतो. दोन बाजूंनी जाड पुठ्ठा, वरून बबल रॅप, त्यावर पावसाळा असेल तर प्लॅस्टिकची पिशवी.