२४ व्होल्टच्या गाडीवर १२ व्होल्टचा विंच कसा चालवावा

जुना ट्रक किंवा सैन्यातून निवृत्त झालेली गाडी हाती येते, तिच्यासाठी चांगल्या अवस्थेतला विंचही (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं यंत्र) मिळतो आणि बसवायला घेतल्यावर दिसतं की विंचच्या पट्टीवर १२ व्होल्ट लिहिलंय, गाडी मात्र २४ ची. पहिला विचार येतो तो कन्व्हर्टरचा. टेपसाठी २४ चे १२ करणारा डबा लावतात, तसाच जरा मोठा डबा विंचला लावू.

तो विचार तिथेच सोडावा. साधारण ४,३०० किलो ओढणारा विंच दोर नुसता गुंडाळताना ६० ते ८० अँपिअर घेतो आणि पूर्ण भाराखाली ४०० च्या घरात जातो. गाडीत लावायचे कन्व्हर्टर बहुतेक ३० ते ७० अँपिअरचे. म्हणजे दोर ताणला गेला की डबा मान टाकणार. इतका करंट क्षणात देणं बॅटरीलाच जमतं, तेव्हा आपल्याला विंचसाठी १२ व्होल्टची बॅटरी उभी करायची आहे.

सरळ २४ व्होल्ट दिले तर? विंचमध्ये बहुधा सिरीज वाइंडिंगची मोटर असते. भार नसताना ती बेफाम पळते, भाराखाली मर्यादेबाहेर करंट ओढते आणि ब्रश-कम्युटेटर जळतात. कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) कॉइलमध्ये तर चौपट उष्णता होते. "मी चालवलाय, काही झालं नाही" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याने कितीसं वजन ओढलं होतं, ते विचारावं. मध्ये रेझिस्टन्स टाकायची कल्पनाही कामाची नाही. ४०० अँपिअरला १२ व्होल्ट पाडायचे म्हणजे ४.८ किलोवॉट उष्णता, दोन मोठ्या गीझरांपेक्षा जास्त. शिवाय भार बदलला की करंट बदलतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही.

आधी गाडी तपासा

२४ च्या गाडीत १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. मीटर घ्या. इंजिन बंद असताना प्रत्येक बॅटरीवर सुमारे १२.६ आणि दोन्ही मिळून २५ च्या आसपास दिसायला हवं. इंजिन चालू केल्यावर दोन्ही मिळून साधारण २८. हे दिसलं तर गाडी खरोखर २४ व्होल्टची. काही जुन्या डिझेल लँड क्रूझरमध्ये फक्त स्टार्टर २४ चा असतो आणि बाकी सगळी वायरिंग १२ ची. तिथे इंजिन चालू असताना दोन्ही मिळूनही १४ च्या आसपासच दिसेल, आणि तुमचा प्रश्न वेगळा व बराच सोपा आहे.

आता दोन बॅटऱ्यांपैकी जिचं निगेटिव्ह बॉडीला अर्थ केलेलं आहे, तिला खडूने खूण करा. लेखात पुढे तिला 'खालची' म्हणतो, दुसरीला 'वरची'.

खालच्या बॅटरीवरून विंच

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग हाच. खालच्या बॅटरीच्या दोन टोकांवरून विंच जोडायचा. चालतो, आणि जोरात चालतो. त्रास नंतर सुरू होतो. विंचने फक्त खालची बॅटरी रिकामी केलेली असते, पण अल्टरनेटर दोघींना एकत्रच २८ व्होल्ट देतो. रिकामी बॅटरी १२.४ वरच अडली तर उरलेले १५.६ वरचीच्या वाट्याला येतात. तिचं पाणी उकळतं, हायड्रोजन सुटतो, प्लेट खराब होतात. खालची कायम अर्धपोटी, वरची कायम अजीर्णाने हैराण. दोघीही वेळेआधी जातात.

यावर उपाय म्हणजे बॅटरी इक्वलायझर, दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज सारखं ठेवणारा डबा. तीन तारा: एक २४ च्या पॉझिटिव्हला, एक दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडाला, एक अर्थला. जोडायचा क्रम त्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच पाळा. विंच ओढत असताना त्याच्याकडून फार अपेक्षा नको, कारण तो नंतर हळूहळू बरोबरी करतो. ३०० अँपिअरने ५ मिनिटं ओढलं तर २५ अँपिअर-तास गेले. २० अँपिअरच्या इक्वलायझरला ते भरायला इंजिन चालू ठेवून सव्वा तासाहून जास्त लागेल. वर्षातून चार-दोनदा अडकणाऱ्या गाडीला हे पुरतं.

विंच चुकूनही वरच्या बॅटरीवर जोडू नका. तिचं निगेटिव्ह बॉडीच्या हिशेबाने १२ व्होल्टवर असतं. विंचचं निगेटिव्ह त्याच्या सांगाड्याला जोडलेलं असेल आणि सांगाडा चॅसीला बोल्ट केलेला, तर खालची बॅटरी थेट शॉर्ट होते.

तिसरी बॅटरी: माझी पसंती

विंचसाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी ठेवायची आणि ती गाडीच्या २४ वरून भरून घ्यायची. खर्च जास्त, जागा लागते. पण चिखलात कितीही ओढाताण झाली तरी इंजिन सुरू करणाऱ्या बॅटऱ्यांना हात लागत नाही.

बॅटरी १०० अँपिअर-तासाच्या आसपासची, स्टार्टरसारखा मोठा करंट देऊ शकणारी घ्या. सोलर किंवा घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नको. ती सावकाश देण्यासाठी बनलेली असते, एकदम मागितलं की व्होल्टेज टाकते. बॅटरी विंचच्या जितकी जवळ तितकं बरं, पण हवा खेळती हवी आणि पट्ट्याने घट्ट आवळलेली हवी.

भरण्यासाठी २४ वरून १२ ची बॅटरी चार्ज करणारा, टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर घ्या. २० ते ४० अँपिअरचा पुरतो. साधा कन्व्हर्टर इथेही चालत नाही. रिकामी बॅटरी समोर आली की तो मर्यादेला टेकतो, तापतो आणि बंद पडतो. चार्जर इंजिन चालू असतानाच सुरू होईल अशी जोडणी करा, नाहीतर उभ्या गाडीत तो मुख्य बॅटऱ्या पीत बसेल. त्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, दोन्ही पॉझिटिव्ह तारांवर बॅटरीजवळ फ्यूज हवा.

केबलमध्ये कंजुषी केली की सगळं मुसळ केरात. ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल ५ मीटर नेली तर जाऊन-येऊन १० मीटर होते आणि ४०० अँपिअरला सुमारे २ व्होल्ट वाटेतच जातात. ७० स्क्वेअर एमएममध्ये १ व्होल्ट. निगेटिव्हही तेवढ्याच जाडीच्या केबलने थेट बॅटरीपर्यंत आणा. चॅसीच्या गंजक्या बोल्टवर भरवसा नको. कडेवरून जाते तिथे रबरी नळी चढवा. लग (केबलच्या टोकाचं भोकाचं टर्मिनल) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा, हातोडीने नव्हे.

पॉझिटिव्हवर, बॅटरीजवळ आणि हात सहज पोचेल अशा जागी, पूर्ण करंट झेलणारा आयसोलेटर स्विच (हाताने वीज तोडायचा) लावा. कॉन्टॅक्टर चिकटला तर रिमोट सोडूनही विंच ओढतच राहतो. त्या क्षणी बॉनेट उघडून पाना शोधायला वेळ नसतो.

जोडताना आधी गाडीच्या बॅटऱ्यांचं निगेटिव्ह काढा, ते परत लावायचं सगळ्यात शेवटी.

मोटरच बदलली तर

विंच रोजच्या कामाचा असेल तर हाच विचार करा. पुष्कळ विंच १२ आणि २४ अशा दोन्ही प्रकारांत येतात. गिअर, ड्रम, क्लच तेच. मोटर आणि कॉन्टॅक्टर तेवढे वेगळे. २४ वर तीच ताकद निम्म्या करंटमध्ये मिळते आणि तीच केबल चौथाईच तापते. मोटरचा शाफ्ट आणि बोल्टची जागा जुळते का ते मोजून बघा. वायरलेस रिमोटचा रिसीव्हर विसरू नका. तो १२ चाच राहिला तर पहिल्याच बटणाला धूर.

चाचणी

आधी दोर मोकळा आत-बाहेर करा. मग उतारावर उभी केलेली दुसरी गाडी ओढा, आणि मीटर बॅटरीवर न लावता विंचच्या टोकांवर लावा. दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. भाराखाली १० व्होल्टच्या खाली जात असेल तर थांबा. कॉन्टॅक्टर कडकड करतो आणि चिकटतो तो अशाच वेळी. नंतर प्रत्येक लगला हाताच्या पाठीने चाचपा; जो गरम, त्याचं क्रिम्पिंग कच्चं. जड भाराखाली एका दमात मिनिटभरापेक्षा जास्त ओढू नका, मोटरलाही निवू द्या.

आडरानात तिसरी बॅटरी संपलीच, तर जंपर केबलने खालच्या बॅटरीची मदत घेता येते: निगेटिव्हला निगेटिव्ह, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह. अंधारात घाईने चिमटा वरच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावलात तर तिसऱ्या बॅटरीवर सरळ २४ व्होल्ट येतील. खडूची खूण तोवर पुसलेली असते, म्हणून खालच्या बॅटरीवर रंगाचा पट्टा आजच ओढून ठेवा.